रविवारची कॅन्सर तपासणी : नावं द्या (सोसायटी ग्रुप, देवपूर, धुळे)

सेक्रेटरी (बी-३): रविवारी १० ते १ खाली हॉलमध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आहे. वय ३० च्या पुढचे सगळे. घरं ४८, नावं आली ७.

नाना (ए-१): दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला डोक्याला ताप?

मंगलाताई (ए-६): नाना, दुखत नाही म्हणूनच. माझ्या दिराचं आजवर इथे कधी लिहिलं नाही, आज लिहिते. कॉलेजपासून डाव्या गालात तंबाखूचा बार. बरोबर तिथेच आतून पांढरा चट्टा आला, करंगळीच्या नखाएवढा. दुखत नव्हता, म्हणून सात महिने कोणाला बोलला नाही. मला कळलं ते ताटावरून. भरीत-भाकरीवर जीव टाकणारा माणूस दुधात भाकरी कुस्करायला लागला. म्हणे तिखट झोंबतं. एका दवाखान्यात दाढ टोचते म्हणून दाढच काढली, गालात बॅटरी मारून कोणी बघितलं नाही. त्यात अजून दोन महिने गेले. शेवटी मुंबईला अर्धा जबडा काढावा लागला. मी ३१ वर्षं नर्स होते आणि माझ्याच घरात मला दिसलं नाही, हे मला अजून झोपू देत नाही.

नाना (ए-१): हे माहीत नव्हतं ताई.

सुनील (सी-२): मी तंबाखू खात नाही. फक्त सुपारी.

मंगलाताई (ए-६): सुनील, नुसत्या सुपारीनेही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच तसं सांगितलंय. सुपारीने गाल आतून कडक होतात, तोंड उघडेनासं होतं. आत्ता आरशासमोर जा आणि स्वतःची तीन बोटं उभी दातांच्या मध्ये घालून बघ.

सुनील (सी-२): दोनच जाताहेत.

मंगलाताई (ए-६): मग रविवारची वाट बघू नकोस, उद्याच दातांच्या डॉक्टरांकडे जा. घाबरू नकोस, याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही, पण सुपारी आजपासून बंद. सोडायला जड गेलं तर १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे.

जिजी (ए-४): मी चाळीस वरीसपाईन मिसरी लावस, माले काय व्हयनं?

मंगलाताई (ए-६): जिजी, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तुम्ही तर आधी यायचं. हिरडीवर लाल-पांढरं काही असेल तर तिथेच दिसेल.

कल्पना (सी-५): ताई, बायकांची तपासणी हॉलमध्ये कशी करणार? माझ्या जावा नाही म्हणताहेत.

मंगलाताई (ए-६): मागच्या खोलीत, पडदा लावून, सगळ्या बायकाच असतील. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात, मिनिटभर थांबतात. बिघाड असेल तर ती जागा पांढरी दिसते. सुई नाही, टाका नाही. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. तपासणाऱ्या बाया किमान दहावी शिकलेल्या, त्यांना शिकवून तयार केलेलं. जिथे दर दोन वर्षांनी तपासणी झाली, तिथे या कॅन्सरने जाणाऱ्या बायका ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. जावांना हे वाचून दाखव. आणि तुझी मुलगी १२ ची ना? हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची लस ९ ते १४ वयात दिलेली सगळ्यात चांगली. डॉक्टरांना विचार.

बापू (बी-७): पण तपासायला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात.

मंगलाताई (ए-६): बापू, हे ऐकूनच माणसं गावठी औषधात सहा-सहा महिने घालवतात. तुकडा काढल्याने पसरत नाही. थांबल्याने पसरतो.

सुनील (सी-२): उद्या ११ चा नंबर लागलाय.

नाना (ए-१): माझं आणि हिचं, दोघांचं लिहा.

जिजी (ए-४): मी येसू. मनी सूननं नाव बी लिखी ल्या.

सेक्रेटरी (बी-३): लिहिलं जिजी. २३ झाली.