पैसे मोजून घरी घेतलेल्या कार्यक्रमावर सरकारची कात्री चालावी का?

वाचनमात्र (धागाकर्ता)

चित्रपटगृहात लागणाऱ्या चित्रपटाला १९५२ च्या कायद्यानुसार आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते. तोच चित्रपट केबलवर वा डीटीएचवर आला की त्याला १९९५ च्या केबल कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते आणि 'फक्त प्रौढांसाठी' असे प्रमाणपत्र असेल, तर तो काटछाट करून नवे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय दाखवता येत नाही. मात्र ओटीटीवर तो जसाच्या तसा दिसतो, कारण तिथे २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेले माहिती तंत्रज्ञान नियम आहेत, आणि त्यांत वयोगटाची खूण, कुलपाची सोय व तक्रारीच्या तीन पायऱ्या सांगितल्या असल्या, तरी पूर्वपरीक्षण नाही. ही तफावत मिटवण्याच्या नावाखाली नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला. २०२४ मधला सुधारित मसुदा निवडक मंडळींनाच दाखवला गेला आणि ओरड झाल्यावर ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. तो पुन्हा येणारच नाही, असे समजण्याचे कारण नाही; म्हणून हा धागा.

माझे मत असे. १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरवले, ते चलच्चित्राचा परिणाम छापील शब्दापेक्षा थेट आणि खोल होतो, या कारणावरून. हा युक्तिवाद अंधाऱ्या सभागृहात एकत्र बसलेल्या जमावासाठी एक वेळ मान्य करू. पण जो प्रौढ माणूस महिन्याची वर्गणी भरतो, यादीतून कार्यक्रम निवडतो, वयाची खूण वाचतो आणि पिन टाकून तो उघडतो, त्याच्यासाठी दृश्य कापण्याचा अधिकार सरकारला कशाच्या आधारावर मिळतो? डब्यावर आत काय आहे ते लिहायला लावा. डबा उघडून त्यातले काढून घेऊ नका.

जुना केबलवाला

पैसे भरले म्हणजे संमती दिली, हे गृहीतक आमच्या धंद्यात तरी कधीच खरे नव्हते. मुंबईतील एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने प्रौढ प्रमाणपत्राचे चित्रपट केबलवर दाखवू नयेत असा आदेश दिला होता आणि ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांची कारवाई सुरू झाली. मी तेव्हा दादरला एका कंट्रोल रूममध्ये कामाला होतो. रॅकवर डिकोडरची चळत असे, एका वाहिनीला एक. कारवाईची बातमी आली तशी आमच्या मालकांनी चित्रपट वाहिन्यांचे डिकोडर स्वतःच बंद केले. संध्याकाळपासून फोन सुरू झाले: 'अहो, पैसे पूर्ण महिन्याचे घेता ना?' त्यांचे बरोबर होते. पण त्याच तारेवर शेजारच्या घरातली सात वर्षांची मुलगीही होती, आणि तिच्या घरीही पैसे पूर्ण महिन्याचेच दिलेले होते. एकच तार सगळ्या चाळीत फिरत असे. कोणी काय निवडले, हा प्रश्नच नव्हता.

आता मुद्द्याचे. केबल कायद्यानुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारखा प्राधिकृत अधिकारी यंत्रसामग्री जप्त करू शकतो. अशा वेळी छोट्या व्यावसायिकाला हवा असतो तो एक कागद. प्रमाणपत्र हातात असले की दारात आलेल्या माणसाला ते दाखवता येते. 'स्वनियमन' म्हणजे चूक झाली की नाही ते नंतर ठरणार, आणि तोवर तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. म्हणून, तुम्हाला विचित्र वाटेल, पण मला सेन्सॉर आधी झालेले परवडते.

सातवीची आई

धागाकर्त्यांनी वर्णन केलेला प्रौढ माणूस आमच्या घरात राहत नाही. आमच्याकडे वर्गणी एक, टीव्ही एक आणि फोन दोन आहेत. पिन बसवायचा ठरला तेव्हा सेटिंगमध्ये तो पर्याय मला सापडेना; शेवटी मुलालाच हाक मारली. त्याने अर्ध्या मिनिटात पिन बसवून दिला आणि वर 'लक्षात ठेव हं आई' असेही बजावले. ज्याच्यापासून कुलूप लावायचे, किल्ली त्याच्याच खिशात.

शिवाय सगळेच मंच काही मोठ्या कंपन्यांचे नसतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुरासाठी १८ मंच बंद केले आणि जुलै २०२५ मध्ये आणखी काही. हे मंचही पैसे घेऊनच चालत होते. तिथे वयाची खूण लावून काय साधले असते? मला कात्री नको आहे, पण दुकानाचे शटर पाडणारे कोणीतरी हवे आहे, आणि ते काम माझ्या एकटीच्याने होणारे नाही.

वाचनमात्र (धागाकर्ता)

पिनची गोष्ट वाचून मी निरुत्तर झालो, हे मान्य करतो. पण शटर पाडणाऱ्याने ते का पाडले, हे लिहून लावावे की नाही? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७ आणि ६७ अ ही अश्लीलतेविरुद्धची कलमे आहेतच. त्यांखाली खटला भरला, तर पुरावा उघड्या न्यायालयात येतो. याउलट कलम ६९ अ खाली मजकूर अडवला, तर २००९ च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठेवायला सांगतो. आज ज्याबद्दल तुमची आणि माझी हरकत नाही, त्यासाठी हे दार वापरले गेले असेल. उद्या त्याच दारातून काय बाहेर काढले गेले, ते आपल्याला कळणारही नाही.

केबलवाल्यांना एवढेच विचारतो: २००६ मध्ये तार एक होती, म्हणून बंदी समजू शकतो. पण मुंबईत २०१२ च्या अखेरीस घरोघरी सेट टॉप बॉक्स आले आणि प्रत्येक वाहिनीला कुलूप घालता येऊ लागले. तरीही 'अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनास योग्य नसलेला कार्यक्रम नको' हा नियम तसाच राहिला. नियमामागचे कारण गेले, नियम मात्र ठाण मांडून आहे.

काळा कोट

या चर्चेत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळत आहेत. करमणुकीच्या कार्यक्रमाला वयाची खूण लावणे आणि नागरिकाने ऑनलाइन लिहिलेल्या मजकुरावर पोलीस नेमणे, यांत फरक केला पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्या 'लाइक' केल्या, एवढ्यावरून दोघींना अटक झाली. त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणाऱ्या ६६ अ कलमाला आव्हान मिळाले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. पुढे २०२१ च्या नियमांतील आचारसंहिता पाळण्याच्या बंधनाला मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, ही २०२३ ची तरतूदही याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

तथापि, 'सरकारने ऑनलाइन मजकुराला हातच लावू नये' हेही मला पटत नाही. ओळखीच्याच माणसाने खाजगी छायाचित्र पसरवले म्हणून रडवेली होऊन आलेली मुलगी समोर बसलेली असते, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचे व्याख्यान तिच्या उपयोगाचे नसते. अशा तक्रारीवर २४ तासांत मजकूर हटवण्याचे बंधन २०२१ च्या त्याच नियमांनी घातले, आणि ते योग्यच होते.

जुना केबलवाला

वकीलसाहेब, तुमचेच आकडे तुमच्याविरुद्ध बोलतात. अटक २०१२ ची, कलम रद्द झाले २०१५ ला. मधल्या काळात माणसाने दुकान चालवायचे कसे? म्हणून म्हणतो, कागद आधी द्या.

हौशी रंगकर्मी

केबलवाल्यांच्या या कागदाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला प्रयोगापूर्वी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मी स्पर्धेच्या एकांकिकांसाठी ते अनेकदा घेतले आहे. एका वर्षी संहिता पाठवण्याच्या आदल्या रात्री तालमीत दिग्दर्शकाने पेन्सिल काढली आणि 'उगाच अडकायला नको' म्हणत पुढाऱ्याच्या तोंडच्या दोन वाक्यांवर रेघ मारली. खरे तर त्या दोन वाक्यांसाठीच आम्ही ती एकांकिका उचलली होती. प्रमाणपत्र वेळेवर आले. एक शब्दही कापला गेला नव्हता. आता हे कापणे कोणत्या मंडळाच्या नोंदीत सापडेल?

जुना केबलवाला

कुठल्याच नाही, हे खरे. पण प्रयोग झाला ना?

हौशी रंगकर्मी

झाला. तिसरे बक्षीसही मिळाले. ज्याच्या तोंडी ती वाक्ये होती, त्या नटाला मात्र त्या जागी नुसते खोकावे लागले.

सातवीची आई

तुमचे वाचून मला माझे म्हणणे थोडे दुरुस्त करावेसे वाटते. शटर पाडणाऱ्याने कारण लिहून लावावे, ही धागाकर्त्यांची मागणी मला मान्य आहे. पिनच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे: प्रौढांचा विभाग वर्गणी घेतानाच बंद असला पाहिजे आणि ज्याला तो हवा, त्याने खटपट करून उघडावा. आज उलटे आहे. खटपट माझ्या वाट्याला येते.