रोलवरचे फोटो टिकतात की फोनमधले?

हायपो
कपाटाच्या वरच्या खणात चाळीस वर्षं विसरलेला फोटोंचा डबा उघडला, तर आतलं बरंचसं आजही बघता येतं. मधल्या काळात त्या डब्यासाठी कुणी काडीही हलवलेली नसते. फोनमधल्या फोटोला मात्र दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी उचलून पुढच्या यंत्रात न्यावं लागतं. त्यातली एक फेरी चुकली की सगळं गेलं. म्हणून फोटो सांभाळण्याच्या बाबतीत रोलचा जमाना उजवा होता, असं माझं ठाम मत आहे.

कृष्णधवल प्रिंटवरचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, पुरेसा वेळ ठेवून मग वाहत्या पाण्यात नीट धुतलेली प्रिंट शंभर वर्षांनीही शाबूत राहते. (धुण्यात कुचराई झाली तर हायपोचा अंश कागदात राहून पिवळट-तपकिरी डाग उमटतात. तो दोष धुणाऱ्याचा.) शिवाय निगेटिव्ह वेगळी असायची. म्हणजे दुसरी प्रत न मागता मिळायची.

शून्यएक
साफ असहमत. उरलेत तेवढेच डबे तुम्ही मोजताय. पाण्यात गेलेले, वाळवीने खाल्लेले, घर बदलताना रद्दीत गेलेले डबे कोण मोजणार?

आणि फोटो डब्यापर्यंत पोचायचे तरी किती? ३५ मिमीच्या रोलवर २४ किंवा ३६ फ्रेम. रोलची जीभ पुढच्या स्पूलच्या खाचेत नीट अडकली नाही, किंवा कडेची भोकं दातेरी चाकावर बसली नाहीत, तर लिव्हर फिरतो, आकडा सरकतो, शटरचा आवाजही येतो, पण रोल जागचा हलत नाही. ३६ फोटो काढल्याची समजूत आणि हातात कोरी पट्टी. रोल उलटा गुंडाळून घेण्याआधी मागचं झाकण उघडलं, तर बाहेरचे वेढे उजेडाने जळाले. फ्लॅश लावून शटरचा वेग सिंकच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या) वर, म्हणजे बऱ्याच जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांवर १/६० सेकंदाच्या पुढे ठेवला, तर फ्रेमचा एक भाग काळा. आणि हे कधी कळायचं? रोल धुऊन आल्यावर.

हायपो
या चुका फोटो काढतानाच्या. चर्चेचा हा धागा फोटो जपून ठेवण्याबद्दल आहे. तरी सांगतो: कॅमेऱ्यात नवा रोल घातला की रिवाइंडची कळ हलकेच फिरवून ढील काढायची आणि लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरते का ते बघायचं. फिरली तर रोल पुढे जातोय. दोन सेकंदांचं काम आहे.

शून्यएक
म्हणजे शिकावं लागायचंच. मग बॅकअप शिकावा लागतो म्हणून फोनला का नावं ठेवायची?

लालछटा
तुम्ही दोघंही कृष्णधवलवरच अडकलात. घरोघरच्या अल्बममध्ये सत्तरच्या दशकानंतर बहुतेक फोटो रंगीत आहेत, आणि रंगीत प्रिंटमध्ये शेवटी चांदी उरत नाही, फक्त तीन रंगद्रव्यं उरतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांवर अंधारात ठेवूनही सायन, म्हणजे निळसर-हिरवा रंग, आधी उडायचा. जुने फोटो लालसर दिसतात ते त्यामुळे. रोल धुण्यातही गोम होती. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) ३७.८ अंश सेल्सियसला आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. तापमान जरासं ढळलं की रंगांचा तोल गेला.

हायपो, बंद डब्याचं कौतुकही जपून करा. ॲसिटेटची निगेटिव्ह दमट उष्णतेत कुजते आणि ॲसेटिक आम्ल सोडते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो तो त्याचाच. ते आम्ल आतच कोंडलं की कुजणं आणखी वेगात होतं आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागण होते. असा वास आला तर त्या पट्ट्या लगेच वेगळ्या करा आणि आधी त्याच स्कॅन करा.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र चिकट पानांच्या अल्बमांनी केलं. पानावर डिंकाच्या रेषा, वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा. डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, पापुद्रा फोटोला धरून बसतो. असे फोटो नखाने उचकटू नका, कोपरे फाटतात. दातांच्या फ्लॉसचा बिनमेणाचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटोही ओढू नये. ओलाव्याने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरून बसलेला असतो, ओढलं की चित्र काचेवर राहतं आणि हातात नुसता कागद येतो. काचेतूनच स्कॅन करायचा.

शून्यएक
हेच म्हणत होतो! डिजिटल फाइलची शंभरावी प्रत पहिलीइतकीच तंतोतंत असते. रंग उडत नाही, बुरशी लागत नाही.

हायपो
कागदोपत्री खरं आहे. पण घरच्यांच्या हाती मूळ फाइल असते कुठे? व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावून लांबीच्या बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतो आणि काढल्याची तारीख-वेळ नोंदवणारी आतली माहितीही गळते. १६०० पिक्सेल सहा इंचांवर पसरले तर इंचाला २६७ पडतात, ते चालतं. ए४ वर छापायला गेलात तर इंचाला जेमतेम १३७. चेहरे पिठाळ दिसतात. मूळ १२ मेगापिक्सेलची फाइल ४००० × ३००० असते, ती इंचाला ३०० च्या हिशोबाने १३ × १० इंचांपर्यंत निघते. पण ती असते काढणाऱ्याच्या फोनमध्ये, आणि तो फोन पडतो, हरवतो नाहीतर विकला जातो.

शून्यएक
मग 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल आहे तशी जाते. आणि फोन हरवला तरी क्लाउडवर असतेच की.

टाचण
इथेच गफलत होते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोजमध्ये सिंक झालेला फोटो फोनवरच्या त्याच ॲपमधून पुसला की तो क्लाउडमधूनही जातो. कचऱ्यात ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, त्यामुळे जागा भरली की नवे फोटो चढणंच थांबतं. सूचना येते, ती आपण बाजूला सारतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं गूगलचं धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. खातेदार गेल्यावर घरच्यांना पासवर्ड माहीत नसेल, तर तो डबा उघडणारच नाही. त्यावर 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय आहे: ३ ते १८ महिने खातं निष्क्रिय राहिलं की तुम्ही नेमलेल्या लोकांना, जास्तीत जास्त दहा जणांना, माहिती मिळते. किती जणांनी ती लावलीय?

शून्यएक
हा मुद्दा मान्य. म्हणूनच ३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. हार्ड डिस्क नुसती कपाटात ठेवून भागत नाही, वर्षातून एकदा जोडून चार फाइली उघडून बघायच्या. पेनड्राइव्ह दीर्घकाळासाठी नकोच. वीज न मिळता पडून राहिला की त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपतो.

हायपो
म्हणजे कुणीतरी दरवर्षी ते करायला हवं. माझा पहिला परिच्छेद पुन्हा वाचा.

शून्यएक
आणि तुमच्या डब्यातले आंबूस वासाचे फोटो आता वाचवायचे कसे? स्कॅन करूनच ना!

टाचण
भांडा. तोवर एक काम करता येईल. दोन्हींकडे खरी उणीव नावांची आहे. फोटो सुरेख टिकतो आणि त्यातले लोक कोण हे सांगणारं कुणी उरत नाही. फोन तारीख ठेवतो, पण नावाचं त्याला कळत नाही. जुन्या प्रिंटच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. प्लॅस्टिकचा थर असलेल्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटोसाठीचं कायम शाईचं पेन घ्या आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नका. डिजिटलमध्ये फाइलच्या नावातच वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि पुढे नावं लिहा, म्हणजे कुठल्याही यंत्रात यादी काळाच्या क्रमानेच लागते.

लालछटा
आणि गट-फोटो असेल तर 'डावीकडून' कुणाच्या, तेही लिहा. बघणाऱ्याच्या की उभ्या असलेल्यांच्या, यावर आणखी एक धागा निघेल.