बाईंच्या प्रवासाबद्दल थोडी भर

वर कुणीतरी लिहिलंय की बाईंना फिरण्याचं वेड निवृत्तीनंतर लागलं. नात म्हणून सांगते, वेड जुनंच होतं, सवड तेवढी नंतर मिळाली. वर्षानुवर्षं भूगोल शिकवताना फळ्यावर काढलेल्या रेषा आजीला एकदा पायाखाली बघायच्या होत्या.

ग्रीनिचला मूळ रेखावृत्ताच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभी असलेला तिचा फोटो आहे. कौतुक करायला जावं तर लगेच तास सुरू: "हे १८८४ साली ठरलं. आणि जीपीएस लावून बघ, शून्य अंश या पट्टीवर नाही, शंभरेक मीटर पूर्वेला दाखवतो!" मास्तरकी अंगातून जाते कुठली.

नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून जूनमध्ये तिने पाठवलेलं कार्ड अजून माझ्याकडे आहे. "रात्रीचे बारा वाजलेत. ऊन आहे. झोप येत नाही, येऊही नये." ओळी अगदी सरळ, फळ्यावरच्यासारख्या.

माझी पत्रं मात्र ती लाल शाईने तपासून परत द्यायची. शेवटच्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोनच चुका निघाल्या. खाली शेरा होता, "सुधारणा आहे."