बोअरचे पाणी, माशांची टाकी आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन

प्रश्न (जुळे सोलापूर):
नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे माशांच्या शंभर लिटरच्या टाकीत मी निम्मे बोअरचे पाणी घालतो, त्यामुळे काचेवर पांढरे क्षार चढतात. शिवाय मिथिलीन ब्लू हे माशांचे औषध वापरल्यापासून पाणी निळेच आहे. मासे मात्र बरे झाले. ॲक्टिव्हेटेड कार्बनने रंग आणि क्षार दोन्ही जातील, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? तोच कार्बन पिण्याच्या पाण्यासाठी चालेल का?

उत्तर १:
रंग जाईल, क्षार जाणार नाहीत. नारळाच्या करवंटीचा कोळसा ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत तापवला की त्यात सूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते आणि एका ग्रॅममागे ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. औषधे, रंग आणि वास आणणारे सेंद्रिय रेणू त्या पृष्ठभागाला चिकटतात. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि नायट्रेट मात्र जवळजवळ तसेच पुढे निघून जातात. सिलिकॉनच्या सांध्यांत मुरलेला निळा रंगही कार्बनने निघणार नाही, तो तसाच राहू द्यावा.

तुमची खरी अडचण वेगळीच दिसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी भराभर उडते, पण क्षार मागेच राहतात, आणि वर पुन्हा बोअरचे पाणी घातले की जडपणा वाढतच जातो. घटलेली पातळी आरओच्या शुद्ध पाण्याने भरावी आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलावे. (आरओ बाहेर टाकते ते पाणी नको, त्यात क्षार अधिक असतात.)

कार्बन जाळीच्या पिशवीत घालून काळे पाणी येईनासे होईपर्यंत धुवावा आणि फिल्टरमध्ये पाणी आधी स्पंजमधून जाऊन मग त्यात येईल असा ठेवावा, म्हणजे गाळाने छिद्रे बुजणार नाहीत. औषध चालू असताना तो काढून ठेवणे आवश्यक आहे, अन्यथा तो औषधच शोषून घेईल.

उत्तर २:
माशांसाठीचा कार्बन पिण्याच्या पाण्याला वापरू नये. घरगुती फिल्टरमधील कार्बन नळाच्या पाण्यातील क्लोरिन आणि उन्हाळ्यात येणारा वास उत्तम काढतो. परंतु क्लोरिन गेल्यावर जंतूंना अटकाव राहत नाही आणि जुन्या कार्ट्रिजमध्ये ते वाढू शकतात. बोअरचे पाणी केवळ कार्बनमधून गाळून पिणे तर मुळीच योग्य नाही.

प्रश्नकर्ता:
धन्यवाद. वापरलेला कार्बन उन्हात वाळवून पुन्हा घालता येईल का?

उत्तर १:
नाही. अडकलेले रेणू बाहेर काढण्यासाठी शेकडो अंशांची भट्टी लागते. सोलापूरचे ऊन कितीही कडक असले तरी ते त्याला पुरत नाही. रंग उतरला की पिशवी काढून टाकली तरी चालेल, कारण निरोगी टाकीला कार्बन कायम लागतोच असे नाही. मात्र त्याच दिवशी स्पंज धुऊ नका. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू दोन्हींवर वसलेले असतात, आणि मिथिलीन ब्लूने त्यांचे आधीच नुकसान झालेले असण्याची शक्यता आहे.