गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी वर्गणी काढून माणूस ठेवावा का?

शहापूरकर: आमच्या बेळगावातल्या गल्लीत निम्म्या घरांत आता फक्त म्हातारा-म्हातारी. पोरं पुण्याला नाहीतर बेंगळूरला. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले बरेच. पेन्शन आहे, घर स्वतःचं, वृद्धाश्रमाचं नाव काढू देत नाहीत. अडतं ते बारक्या कामांवर. गोळ्या आणणं, गॅसचा नंबर लावणं, दवाखान्यात सोबत. गल्लीनं वर्गणी काढून पगारी माणूस ठेवावा, असं माझं म्हणणं. बॉस्टनच्या बीकन हिल भागात म्हाताऱ्यांनीच वर्गणीवर अशी संस्था काढली, 2002 पासून.

कट्ट्यावरचा: बॉस्टन राहू दे. आज शेजारी आपणहून करतात, उद्या म्हणतील, ‘माणूस ठेवलाय की, त्याला सांगा.’ गणपतीची वर्गणी गोळा करताना नाकी नऊ येतात, ही महिन्याच्या महिन्याला कोण देणार?

वडगावची सून: शेजारी म्हणजे कोण, तेपण लिहा की. समोरच्या आजींना आंघोळ घालायला, रात्री हाक आली की उठायला गल्लीतल्या सुनाच जातात. घरात स्वतःची सासू असतेच. मला पगार द्या, खुशाल करते. ‘किती गुणाची बाई’ ऐकून कंटाळा आलाय.

कट्ट्यावरचा: वहिनी, ते खरं. पण किल्ली कुणाकडं? एखाद्या आजोबांनी एटीएमचा पिन सांगून टाकला तर?

शहापूरकर: किल्ली शेजारच्या घरात. कार्डाला हात लावायचा नाही. सामान आणलं की बिल वहीत चिकटवायचं, वही म्हाताऱ्यांच्या घरातच.

खानापूरचा मास्तर: आधी आहे ते वापरा. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत कशाला ताटकळायचं? पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत करून देतो. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फुकट आहे. केरळात तर अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा गावच्या स्वयंसेवकांनी उभी केली. 2008 साली सरकारनं त्याचं धोरण केलं.

वडगावची सून: मास्तर, तिथं पंचायत पाठीशी असते आणि नर्सला पगार असतो. तेवढं गाळलंत. आणि संध्या सुरक्षाचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या म्हातारपणाच्या पेन्शनचा, कागद कन्नडात आला की आमचे सासरे तो उलटसुलट करून परत घडी घालतात. बाजारात कन्नड फर्डं बोलतील, शाळा मात्र मराठी. ठेवाल तो माणूस कन्नड वाचणारा पाहिजे.

माजी हवालदार: मी 78 वर्षांचा. सगळे माझ्याबद्दल बोलायलाय, मला कोण विचारेना. चार घरांचं लाईट बिल मीच भरून येतो. उगाच पांगळं करू नका. सोबत पाहिजे ती दवाखान्यात. केसपेपर एका खिडकीला, रक्त दुसऱ्या मजल्यावर, औषध मागच्या इमारतीत. तोवर नंबर निघून जातो. तेवढ्यासाठी वर्गणी देतो. बाकीचं नको.

कट्ट्यावरचा: काका, मंगळवारी माझं दुकान बंद असतं. मी येतो. वर्गणी नको, काही नको.

वडगावची सून: आणि बुधवारी छातीत दुखलं तर? पगाराचा आकडा बोला.