मदत हवी आहे : आठ्यांसाठी बोटॉक्स, पण चेहरा हलता राहायला हवा

वय ४६, बेळगावच्या टिळकवाडीत दुकान. भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्यांमुळे गिऱ्हाईक विचारतं, "काय ओ, रागावलाय काय?" रेटिनॉल क्रीम, सनस्क्रीन झालं, बारीक रेषा कमी झाल्या, आठ्या तशाच. इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बोटॉक्सचे (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) २० युनिट सुचवले. पुरुषांचे स्नायू जाड, त्यामुळे डोस जास्त लागू शकतो म्हणे. पण कमानदार भुवया आणि इस्त्री केलेलं कपाळ नको! परिणाम ३-४ महिनेच टिकतो, हे माहीत आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. फिलर (त्वचेखाली भरायचं जेल) नको. कोल्हापूर, हुबळीपर्यंत येईन. पुणं दरवेळी परवडणार नाही.

आधी कमी डोस देऊन दोन आठवड्यांनी गरजेपुरता टच-अप करणारे, पुरुषांचा अनुभव असलेले डॉक्टर या भागात कोण? आणि टच-अपचे पैसे वेगळे घेतात का?