'भरून पावलो': दस्तातलं आणि मनातलं

दस्तलेखक, सातारा

जमिनीचे दस्त लिहिणं हा माझा धंदा. खरेदीखतात विकणाऱ्याच्या, म्हणजे 'लिहून देणार'च्या, तोंडी एक ठरलेलं वाक्य येतं: 'मोबदल्याचे संपूर्ण रुपये लिहून घेणार यांचेकडून भरून पावलो, त्याबद्दल काही एक तक्रार नाही.' हात आपोआप लिहितो, डोकं लागत नाही. परवा कोरेगावात एका शिक्षकांचा निरोप समारंभ होता. ते बोलायला उठले, दोन-चार वाक्यं बोलले आणि हात जोडून म्हणाले, "मी भरून पावलो." लोकांचे डोळे भरून आले, आणि मला आपला मुद्रांक दिसायला लागला! दोन्हीकडे शब्द एकच कसा? 'समाधानी आहे' किंवा 'कृतार्थ आहे' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

निवृत्त गुरुजी, कराड

'पावणे' म्हणजे पोचणे, मिळणे. संस्कृत 'प्राप्'वरून प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आलं. पत्र पावलं, पैसे पावले, आणि मिळाल्याची खूण ती 'पावती'. नवसाला देव पावतो तोही ह्याच क्रियापदाने. ('पावन' मात्र वेगळं, ते 'पू' धातूचं. पुष्कळ जण गल्लत करतात.) म्हणजे पैसा आणि कृपा ह्या क्रियापदात पहिल्यापासून शेजारी राहतात. 'भरून' म्हणजे पुरेपूर, बाकी न ठेवता.

'समाधान'चं म्हणाल तर सम् + आ + धा, नीट बसवणे. म्हणून शंकेचंही समाधान होतं. पण आम्ही मास्तर लोकांनी ह्या शब्दाची पार रया घालवली. प्रगतीपुस्तकात 'समाधानकारक' असा शेरा आला, की बाप ओळखायचा, पोरगं जेमतेम आहे. निरोपाच्या दिवशी आयुष्याला तोच शेरा कोण मारून घेईल? 'कृतार्थ' भारदस्त आहे, मानपत्रात शोभतो, पण स्वतःच्या तोंडाने स्वतःला म्हणायला जीभ जरा अडखळते.

हळदवाली, सांगली

गुरुजी, एक राहिलं. ह्याचा तिरका वापर खऱ्या वापरापेक्षा जास्त ऐकू येतो. आमच्याकडे हळदीचा व्यापार, घरात माणसांचा राबता. मुलाने चहाचा कप फोडला की सासूबाई कपाळाला हात लावून म्हणणार, "भरून पावले रे बाबा, आता बस कर!" तिथे पावायचं काही नसतं, नुसता वैताग. ओढून म्हटलेलं 'पाऽवले' ऐकलं की सगळं कळतं.

आणि पैशाच्या बाबतीत आता हे कोण म्हणतं? सौदा झाला, हिशेब झाला, की फोन वाजतो आणि ह्यांचं एकच वाक्य, "पेमेंट आलं." पैशातला अर्थ तुमच्या दस्तापुरता उरलाय काका. बाकी सगळीकडे मनातला नाहीतर वैतागातला.

वाचक, मिरज

समाधान मानता येतं. 'आहे त्यात समाधान मान' हा सल्ला प्रत्येकाने ऐकलेला आहे, बहुतेक वेळा ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडूनच. 'भरून पाव' असा सल्ला मराठीत देताच येत नाही, आज्ञार्थच होत नाही त्याचा. ते आपसूक घडावं लागतं. माझ्या मते कोरेगावच्या त्या शिक्षकांनी 'समाधानी' न म्हणण्याचं कारण हे. समाधानात कमी मिळाल्याची एक बारीक कबुली असते. 'भरून पावलो'त बाकी शून्य.

शेजारचे शब्दही बघा: पारणं फिटतं, हौस फिटते, आईबापांचे पांग फेडतात, ऋणातून उतराई होतात. सगळी भाषा देण्याघेण्याची, पण ह्यांतल्या कशालाच पैसा पुरा पडत नाही.

सातारचीच एक

इथे मला लक्ष्मीबाई पाटील आठवतात, कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी. रयत शिक्षण संस्था 1919 साली कराडजवळच्या काले गावी निघाली, 1924 मध्ये साताऱ्याला आली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाखाण्यासाठी बाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. दस्ताच्या भाषेत त्या फक्त 'देणार', घेणार कुठेच नाहीत. अशा माणसाला 'भरून पावल्या' म्हणता येईल का?

निवृत्त गुरुजी, कराड

आपण त्यांच्याबद्दल म्हणू शकतो. त्या स्वतः तसं म्हणाल्या असं मात्र लिहू नका हं, लोक लगेच सुविचार करून फळ्यावर लावतात. व्याकरणाने अडचण नाही. दस्तात 'यांचेकडून' लागतं, मनातल्या वापरात ते गळून पडतं. "नातवंडं बघितली, भरून पावलो" ह्यात देणारा कोण, कोणी विचारत नाही.

वारकरी, वाई

जोडीला एक शब्द घ्या: 'उदास'. तुकोबांचं 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' हे सगळ्यांना पाठ, पण अनेकांना वाटतं पैसे खर्च करताना तोंड पाडून बसायचं! (माझ्या ओळखीत असे आहेत, ती गोष्ट वेगळी.) इथे उदास म्हणजे अलिप्त, गुंतून न पडणारा. 'वेच' म्हणजे खर्च. धन जोडू नका असं बुवा कुठे म्हणतात? जोडा, नीट मार्गाने जोडा, आणि हात सैल ठेवा. पुढे ह्या शब्दावर दुःखाची छाया पडली आणि अलिप्तपणासाठी रोजच्या बोलण्यातला सोपा शब्दच राहिला नाही. 'निर्मोही' पुस्तकी, 'बेफिकीर' म्हटलं तर शिवी.

हळदवाली, सांगली

'त्याला कशाची हाव नाही' असं म्हणतो की आम्ही. पण ते नकाराने सांगणं झालं, मान्य.

दस्तलेखक, सातारा

सगळ्यांचे आभार. मिरजकरांचं 'बाकी शून्य' पटलं. आमच्या वाक्यातही खरं वजन शेवटच्या 'तक्रार नाही'लाच असतं. ताईंनी सासूबाईंचं 'पावले' काढलं त्यावरून सांगतो. लिहून देणार बाई असली, की मी 'रुपये भरून पावले' लिहितो. रुपये पावले की बाई पावल्या, दोन्ही वाचता येतं. अजून तरी कुठल्या वकिलाने हरकत घेतलेली नाही.